एक दिवस तिचा डबा, एक दिवस माझा

प्रिय ठकू,

बसच्या पायरीवर उभी राहून तू मला विचारलंस, "माझ्या आईनं शेवटी औषध कुठलं खाल्लं, नवं की जुनं?" मागचा माणूस तुझी पिशवी ढकलत होता. मी काहीतरी पुटपुटले आणि दार लागलं. त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. नियम आड येतो म्हणून नव्हे, गुपित राखायचंय म्हणूनही नव्हे. मला ते खरंच माहीत नाही, आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. असं का, हे सांगायला जरा वेळ लागेल. कॉलर शिवताना एका जागी टाका चुकला की तू ती सबंध उसवतेस, नुसता तेवढा टाका काढून भागत नाही म्हणतेस. तशीच मी मागे जाऊन सुरुवात करते.

आधी घरची खबरबात. बाबांची रात्रपाळी चालू आहे. ते सकाळी येतात, बूट दारात काढतात आणि झोपतात. आई लाँड्रीत परत जायला लागली. तिथल्या हॉटेलच्या मोठ्या चादरी दोघींनी दोन टोकांना धरून घडी करायच्या असतात, तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं एका टोकाला माझी आई आणि दुसऱ्याला तुझी, माझी काकू. टोकाला टोक लावायचं, दोन पावलं पुढे यायचं, पुन्हा टोकाला टोक. आता आई एक कड हनुवटीखाली दाबते आणि एकटीच घडी घालते. मालकानं दुसरी बाई देऊ केली, तर जमतंय म्हणाली. चादरी जरा वाकड्या होतात.

मी पण कामावर जाते. मला अजून रडू आलेलं नाही. तू गेल्यावर येईल असं वाटलं होतं. मध्ये एकदा आमच्या संशोधन केंद्रात मी तोंड भाजेल असा चहा एका दमात प्यायले, आणि ब्रदर "अगं, अगं" म्हणाले तेव्हा मला कळलं की तो गरम होता. ब्रदर म्हणजे आमचे नर्स, काकूला तपासायचे ते. तू त्यांना पाहिलंयस, दवाखान्याच्या दारात तुझी पिशवी धरून उभे होते.

आमच्या केंद्रात काय चालतं हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. सांगायला लागले की तू मला मास्तरीण म्हणायचीस आणि जांभई द्यायचीस. टीबीचं जुनं औषध सहा महिन्यांचं. ते लागू पडतं, पण लोक कंटाळतात, मध्येच सोडतात, आणि मग आजार हट्टी होऊन परत येतो. नवं औषध चार महिन्यांत संपतं. ते जुन्याइतकंच चांगलं आहे का, हे आम्ही बघतो. कुणाला कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, मीही नाही. संगणक चिठ्ठी काढतो. ज्याच्या नावावर जे पडेल ते त्यानं घरी न्यायचं, रोज घ्यायचं आणि दर भेटीला रिकामा डबा आणून दाखवायचा. मग शेवटी दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. बस्स, एवढंच. मला हे फार सुंदर वाटायचं, ठकू. वशिला नाही, ओळख नाही, श्रीमंत-गरीब नाही. आपल्या घरात पहिली पदवी माझी. तिचा उपयोग अशा ठिकाणी व्हावा जिथे कुणाला खोटं बोलायला जागाच नाही, असं मी मनाशी धरलं होतं. काकू म्हणायची, "एवढी शिकलीस आणि शेवटी चिठ्ठ्याच टाकतेस ना?"

तिला पहिल्यांदा खोकला लागला तेव्हा मीच तिला केंद्रात नेलं. बेडका तपासायला डबीत थुंकायचं होतं. ती म्हणाली, आयुष्यभर तुम्हा दोघींना इथेतिथे थुंकू नका म्हणून धपाटे घातले, आणि आता मी थुंकते तर तू शाबासकी देतेस. नुसता जिभेवरून बोळा फिरवून टीबी ओळखायची नवी तपासणीही तेव्हा सुरू झाली होती. बोळा बघून तिनं विचारलं, हे एवढंच? मग आधी थुंकायला कशाला लावलं? ब्रदर इतके हसले की बोळा खाली पडला आणि दुसरा घ्यावा लागला. तिला टीबी निघाला, आणि मग घरातल्या सगळ्यांना तपासलं तेव्हा आईलाही निघाला. ती खोकतही नव्हती. दोघी संशोधनात यायला लगेच तयार झाल्या. आपल्या पोरीचं काम म्हणून. कागद वाचून दाखवायला लागले तर म्हणाल्या, तू सांगतेस ना, मग झालं. तरी मी सगळा वाचून दाखवला. संगणकानं काकूला नवं औषध दिलं आणि आईला जुनं.

आमच्याकडे पक्का नियम आहे, नात्यातल्या माणसाला आपण हात लावायचा नाही. त्याला काही विचारायचं नाही, त्याचा डबा बघायचा नाही. ते ब्रदरनी करायचं. मी तो नियम घरापर्यंत नेला. स्वयंपाकघरात दोन डबे शेजारी शेजारी असायचे आणि मी त्या फळीकडे पाठ करून जेवायचे. आई हसायची. सासऱ्यासमोर सुना बसत नव्हत्या तशी ही डब्यासमोर बसत नाही, म्हणायची.

आता घरातली एक जुनी गोष्ट, तुला माहीत असलेलीच. तुझे बाबा गेले तेव्हा आपण दोघी एका पांघरुणात झोपायचो. तेव्हा कुणी नातेवाईक आले होते आणि बाबांना म्हणाले होते की आता धाकटीची चूल वेगळी करून टाका, तुमच्यावर भार नको. आई आतून बाहेर आली. ती कधी पाहुण्यांसमोर बोलत नाही. ती म्हणाली, "या घरात दोन ताटं वेगळी वाढली जाणार नाहीत." तेव्हापासून कधी वाढली गेली नाहीत. एकीला नवा कपडा आला की दुसरीला आला, नाही तर कुणालाच नाही. फळ एक असलं तर सुरी. तुला आणि मला एकच सायकल होती आणि दिवस वाटलेले होते, आठवतं? तू माझ्या दिवशीही घेऊन पळायचीस, आणि काकू तुला भर रस्त्यात उतरवून मला बसवायची.

काकूचे चार महिने संपले, आईचे सहा संपले. दोघींच्या तपासण्या साफ निघाल्या. एकही गोळी न चुकवलेल्या माणसांत ब्रदरनी दोघींची नावं घेतली आणि मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या संशोधनाच्या प्रमुख, स्वतः उठून त्यांच्याशी हात मिळवायला आल्या. त्या दिवशी दोघी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. काकू मॅडमना म्हणाली, पोरीला जरा लवकर घरी सोडत जा, वाळलीय.

त्यानंतर वर्षभर ठरावीक काळानं यायचं असतं आणि फक्त एक प्रश्न असतो. खोकला, ताप, वजन कमी होणं, यातलं काही आहे का? काकू प्रत्येक वेळी नाही म्हणाली. नाही म्हटल्यावर बोळा फिरवायचा नसतो, तसा नियमच आहे. तुला ती फोनवर खोकताना ऐकू आली होती आणि तिनं तुला इस्त्रीच्या वाफेचा ठसका म्हणून सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं. हे लिहिते कारण तू बसमध्ये चढण्याआधी मला म्हणालीस की मी तेव्हाच यायला हवं होतं. वाफेचा ठसका लाँड्रीतल्या सगळ्यांनाच असतो, ठकू. तिनं खरं फक्त आईला सांगितलं, तेही शपथ घालून. पोरीचं काम संपत आलंय, आता शेवटाला मी कशाला त्याला डाग लावू, असं म्हणाली. औषध संपून महिने झाले होते, आजार परत आला होता, आणि ती तो माझ्यासाठी पोटात ठेवून चादरी धरत होती. मग ती सकाळ आली, रक्त पडलं. पुढचं तुला माहीत आहे.

आमच्या तक्त्यात तिच्या मरणाला एक जागा आहे. नव्या औषधाच्या बाजूला. आजार उलटून मृत्यू, एक. मला आधी तेवढंच माहीत होतं. तेव्हा, बसच्या दारात धीर झाला असता तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकले असते. नवं, म्हणाले असते. मग तू म्हणाली असतीस की तुमच्या नव्या औषधानं माझी आई मारली, आणि मी मान खाली घालून ऐकलं असतं.

तू गेल्यानंतर ब्रदर घरी आले. संशोधनातलं कुणी दगावलं की घरच्यांकडे जाऊन विचारावं लागतं, तसे. मी नियमाप्रमाणे बाहेर गॅलरीत जाऊन बसले. आईनं त्यांना सांगितलं, तिनं एकही गोळी टाकली नाही, वांती झाली तरी टाकली नाही. ते गेल्यावर आई सुकलेल्या चादरी घेऊन बसली. एक टोक माझ्या हातात दिलं. घडी घालता घालता समाधानानं म्हणाली की बरोबर सांगितलं ना मी, एक गोळी वाया गेली नाही, एक दिवस तिचा डबा मी खायची आणि माझा ती, दुसऱ्या दिवशी जिचा तिनं. मी म्हटलं, काय? तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं सगळं परत सांगितलं.

नवं औषध चांगलं असणार, ते एकटीनं कसं खायचं, असं काकूला वाटलं होतं. आणि आईला वाटलं होतं, नव्याचं काय सांगावं, काही उलटसुलट झालं तर ते धाकटीच्या एकटीच्या वाट्याला का? म्हणून अदलाबदल. काकूचा डबा चार महिन्यांनी संपला तेव्हा आईचा उरलेला दोघींनी आळीपाळीनं संपवला. पहिल्यांदा कोण बोललं, असं मी विचारलं. आईला आठवेना. बोलावं लागलं नसेल. मी म्हटलं, आई, ते दोन वेगळे डबे होते, वेगळेच राहायला हवे होते, सगळं कामच त्याच्यावर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही परक्या मुलखातलं बोलत असल्यासारखं.

"दोन ताटं कधी वेगळी वाढली नाहीत, गोळ्या कशा वेगळ्या खाणार?"

माझ्या हातातलं टोक सुटलं. तिनं ते उचललं आणि झटकून परत माझ्या हातात दिलं.

म्हणून मला सांगता येत नाही, ठकू. तुझ्या आईनं नवं खाल्लं आणि जुनंही खाल्लं. माझ्या आईनंही. अगदी सारखं, काटेकोर. एकीला दुसरीपासून वेगळं करायला आम्ही एवढा संगणक आणला, आणि त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते वेगळेपण मिटवून टाकलं. मग एक गेली आणि एक आहे. औषधानं म्हणावं, अदलाबदलीनं म्हणावं, तिच्या जुन्या मधुमेहानं म्हणावं, की लपवलेल्या खोकल्यानं? मी सगळं लावून पाहिलं. काहीच नीट बसत नाही.

पुढचे कितीतरी दिवस मी कामावर गेले, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, शीतपेटीचं तापमान लिहिलं आणि घरी आले. कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. डबे रिकामेच परत गेले होते. सांगितलं तर काकूच्या नावापुढे 'नियम मोडला' लागेल. बैठकीत कुणीतरी मान हलवेल आणि म्हणेल, अडाणी लोक, काय करणार. ज्या बाईनं माझ्यासाठी खोकला गिळला तिच्याबद्दल असं. आणि त्या वाटण्यानंच ती गेली असेल, हे आईला कळेल. गप्प बसायला माझ्याकडे कारणं भरपूर होती, आणि मला त्यातलं एकही खोटं वाटत नव्हतं.

मग एक म्हातारं जोडपं वर्षाच्या शेवटच्या भेटीला आलं. दोघांनाही टीबी, दोघंही संशोधनात, त्याच्या नावावर नवं आणि तिच्या नावावर जुनं. ब्रदर वजन घेत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं की औषधाचे डबे घरी कुठे ठेवायचात. एकाच फडताळात, आजी म्हणाल्या. कधी अदलाबदल व्हायची का? आजोबा हसायला लागले. "मुली, आमच्या चष्म्यांचीसुद्धा होते. एकाचं आहे म्हणून दुसऱ्याचं नाही, असं आमच्यात काही नाही." आजींनी त्यांना कोपर मारलं आणि पुढे सरकल्या.

मी खुर्चीवर बसून राहिले. आमच्यात एका घरातली दोन दोन माणसं पुष्कळ आहेत. बहिणी आहेत, बाप-लेक आहेत. हा आजार एकटा येतच नाही. दोन्ही गट अगदी सारखे दिसताहेत, नवं औषध जुन्याइतकंच चांगलं ठरतंय, म्हणून सगळे खूश होते. मॅडम ते मोठ्या सभेत वाचायला निघाल्या होत्या. पण घराघरांत डबे असेच फिरले असतील तर दोन्ही गट सारखे दिसणारच. औषध चांगलं आहे म्हणून नव्हे, माणसं वाटून खातात म्हणून. आणि उद्या त्याच्या भरवशावर कुठे तरी एखादी एकटी राहणारी बाई चार महिन्यांत औषध थांबवेल. तिच्या फळीवर दुसरा डबा नसेल.

आधी आईला सांगितलं. सगळं, सोपं करून, काही न लपवता. लाँड्रीच्या मागच्या पायरीवर, तिच्या सुट्टीत. ती बराच वेळ हातावरची भाजल्याची जुनी खूण चोळत होती. मला वाटलं ती विचारेल, आमचं चुकलं का. तिनं ते विचारलं नाही. ती म्हणाली, "आम्ही तर सारखंच खाल्लं. मग मी एकटीच बरी कशी झाले?" मग ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली की तुझ्या मॅडमना मीच सांगते, तुझ्या तोंडून ते तक्रारीसारखं येईल.

काल सकाळी आम्ही दोघी गेलो. आईनं तेच ठेवणीतले कपडे घातले होते. मॅडमच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तुझ्या बाबांपासून सुरुवात केली, ताटांपासून. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही. ब्रदर भिंतीकडे तोंड करून उभे होते. सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, सभेत वाचणं आता थांबवावं लागेल, जिथे दोघं आहेत त्या प्रत्येक घरी जाऊन विचारावं लागेल, आणि हे आपण आधीच विचारायला हवं होतं. तक्त्यात काकू जिथे होती तिथेच राहील, चिठ्ठीनं ज्याला जिथे टाकलं तिथेच तो मोजला जातो. फक्त शेजारी कारण लिहायचं. त्यांनी ठरलेला शब्द सांगितला, नियमभंग. मी म्हटलं, मला तो लिहिता येणार नाही. त्यांनी पेन माझ्यासमोर सरकवलं. मी लिहिलं, 'घरातल्या दोघींनी औषध वाटून घेतलं.' मॅडमनी ते वाचलं आणि खाली सही केली. येताना आई बसमध्ये खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, काकूसाठी जागा धरायची तशी. मी उभीच राहिले. तिच्या ते लक्षात आलं नाही.

हे तुला आधी विचारायला हवं होतं, मला कळतं. तुझी आई होती. मी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मेलेल्या माणसाला लोकांसमोर कशाला उभं करतेस, म्हणाली असतीस, आणि मोठी आई हे कळल्यावर कशी जगेल, असंही म्हणाली असतीस, कारण माझ्या आईला तू मोठी आई म्हणतेस. आणि मी तुझं ऐकलं असतं. लहानपणापासून ऐकत आले, सायकलसुद्धा दिली. म्हणून तुला विचारलं नाही. आधी जाऊन सांगून आले, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

तुझीच,
मास्तरीण